पुतळी हार : व्हेनिसचे नाणे मराठी गळ्यात कसे उतरले?

१/
पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या डोंगरापासून जवळच, आपटा नावाचे गाव आहे. आजच्या पिढीला ते ठाऊक असते ते रेल्वे स्थानकामुळे. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटातील अखेरचे आगगाडीचे दृश्य याच फलाटावर चित्रित झाले. परंतु दसऱ्याच्या दिवशी मराठी माणूस ज्या झाडाचे पान 'सोने' म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो, त्या झाडाचेही नाव आपटाच. आजचा धागा त्या पानापासून सुरू होतो आणि आजीच्या पेटीतल्या पुतळी हारापाशी थांबतो.

२/
आपट्याच्या पानाची कथा सर्वांना माहीत असते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स चौदा कोटी सुवर्णमुद्रांची गुरुदक्षिणा मागण्यासाठी रघुराजाकडे येतो. विश्वजित यज्ञात राजाने सर्वस्व दान केलेले असते. रघू कुबेरावर स्वारीची तयारी करतो आणि कुबेर रात्रीतून सोन्याचा वर्षाव करतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात हे सोने राजाच्या कोषागारात पडते. लोककथेने मात्र ते आपट्याच्या झाडावर पाडले. झाडाला नाणी लगडली आहेत, ही कल्पना लोकांना अधिक भावली. नाणे केवळ खर्चण्यासाठी नसते, ते मिरवण्यासाठीही असते, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे.

३/
किती जुनी? ऋग्वेदात 'निष्क' हा शब्द येतो तो गळ्यातील सुवर्णालंकार या अर्थाने. ज्याच्या गळ्यात निष्क आहे तो 'निष्कग्रीव'. दुसऱ्या मंडलातील रुद्रसूक्तात रुद्रही निष्क धारण करतो. पुढील काळातील संस्कृत वाङ्मयात हाच शब्द सुवर्णनाण्यासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे येथे अलंकाराचे नाणे झाले. पुतळीच्या बाबतीत हा प्रवास नेमका उलट झाला. तेथे नाण्याचा अलंकार झाला.

४/
परदेशी नाणे गळ्यात घालण्याची हौसही पुतळीपेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन जहाजे कोकण किनाऱ्यावर येत. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमुल्ला म्हणजे चौल ही बंदरे नोंदलेली आहेत. भारताशी होणाऱ्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनीने केली होती. ते धन येथे आले आणि त्यातील काही नाण्यांना भोके पडली. ती दोऱ्यात ओवली गेली.

५/
ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी काय केले? धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे पेरिप्लसमधील तगर, येथे भाजलेल्या मातीची छोटी पदके सापडली आहेत. त्यांवर रोमन नाण्यांची नक्कल आहे आणि दोरा ओवण्यासाठी नाकेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेरमधील एखादी स्त्री सम्राटाचा मुखवटा असलेले मातीचे नाणे गळ्यात घालून बाजारात जात असेल. आज आपण ज्याला 'एक ग्रामचा दागिना' म्हणतो, त्याचा हा पूर्वजच होय. त्यात लाज वाटण्यासारखे तेव्हा काही नव्हते आणि आजही नाही.

६/
आता पुतळीकडे वळू. १२५२ साली फ्लॉरेन्सने फ्लोरिन हे सुवर्णनाणे पाडले. त्याला उत्तर म्हणून १२८४ साली, जोव्हानी दांदोलो हा डोज (व्हेनिसचा निर्वाचित प्रमुख) असताना, व्हेनिसने आपले डुकाट पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, व्यास साधारण दोन सेंटिमीटर आणि सोने त्या काळच्या तंत्राला शक्य तितके शुद्ध. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर सुमारे साडेतीन मासे. साडेतीन पुतळ्यांत एक तोळा भरून थोडे सोने उरते.

७/
या नाण्याच्या पुढील बाजूस दोन मानवी आकृती आहेत. संत मार्क उभा आहे आणि डोज त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारतो आहे. दोघांच्या मध्ये ध्वजाची उभी काठी. मागील बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोल प्रभावळीत येशू ख्रिस्त उभा आहे. त्याच्याभोवतीच्या लॅटिन मजकुराचा शेवट 'डुकाट' या अक्षरांनी होतो. नाण्याचे नाव त्यावरूनच पडले. मराठी माणसाला ना मार्क ठाऊक, ना डोज. त्याला दिसल्या त्या छोट्या मूर्ती, म्हणजे पुतळ्या. म्हणून नाण्याचे नाव झाले पुतळी.

८/
नाण्यावर आपल्याला ओळखीचे तेच पाहण्याची वृत्ती केवळ मराठी नाही. दक्षिणेत याच नाण्याला 'शाणार काशू' म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. ध्वजाची काठी त्यांना ताडाचे झाड वाटली आणि गुडघे टेकलेला डोज झाडावर चढणारा माणूस वाटला. व्हेनिसच्या सर्वोच्च सत्ताधीशाला भारतीय डोळ्यांनी असे आपल्या अंगणात आणून बसवले.

९/
हे नाणे इतके दूर आले कसे? मिरी, नीळ आणि सुती कापड युरोपला हवे होते, परंतु त्याच्या मोबदल्यात युरोपचा माल आपल्याला फारसा नको होता. म्हणून मोल रोख चुकवावे लागे. व्हेनिसहून अलेक्झांड्रिया, तेथून कैरो, तांबडा समुद्र, जिद्दा किंवा मोखा आणि मग सुरत, चौल, दाभोळ, गोवे, असा तो मार्ग. इजिप्तच्या बाजारात डुकाट इतके रुळले की अश्रफ बार्सबाय या मामलूक सुलतानाने १४२५ साली जवळपास त्याच वजनाचे स्वतःचे नाणे काढले. 'अशर्फी' हा शब्द त्याच्याच नावावरून आला.

१०/
शब्दांचा प्रवास येथेच थांबत नाही. अरबी 'सिक्का' म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा. त्यावरून व्हेनिसमध्ये टांकसाळीला 'झेक्का' म्हणू लागले आणि तेथील डुकाटाला 'झेक्किनो'. फ्रेंच व इंग्रजीत त्याचे 'सीक्विन' झाले. आज लग्नाच्या घागऱ्यावर जी चमकणारी टिकली शिवतात तिलाही सीक्विन म्हणतात. आपला 'सिक्का' आणि वस्त्रावरची ती टिकली एकाच शब्दाची वंशज आहेत. वस्त्रावर नाणी शिवण्याची आठवण भाषेने अशी जपून ठेवली.

११/
चौल हे आपट्याच्या मुलुखातले मोठे बंदर. पाताळगंगा ज्या धरमतरच्या खाडीला मिळते, तिच्या मुखापासून दक्षिणेकडे किनाऱ्याने गेले की चौल येते. सोळाव्या शतकात व्हेनिसचे व्यापारीही स्वतः या किनाऱ्यावर पोहोचले. चेझारे फेदेरीची १५६३ साली व्हेनिसहून निघाला आणि १५८१ साली परतला. गास्पारो बाल्बी हा तर व्हेनिसचा जवाहिऱ्याच होता. १५७९ ते १५८८ या काळात तो पूर्वेकडे फिरला आणि १५९० साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. दोघांनीही पूर्वेकडील बंदरे, तेथील माल, नाणी आणि वजने यांविषयी बारकाईने लिहिले.

१२/
स्वराज्यात पुतळी अनोळखी नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तीत छत्रपती शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. पातशाही होन, शिवराई होन, मोहरा अशा अनेक नाण्यांच्या पंक्तीत तेथे पुतळीही येते. दक्षिणेत होन अनेक प्रकारचे असत आणि त्यांचे कसही निरनिराळे. अशा गर्दीत पुतळीचे मोल तिच्या भरवशात होते. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, व्हेनिसने तिचे वजन आणि शुद्धता जवळजवळ बदलली नाही. राज्ये बुडाली, शिक्के बदलले, पुतळी तशीच राहिली.

१३/
सराफ हे जाणून होता. काळ्या कसोटीवर सोने घासले की रेघ उमटते. त्या रेघेचा रंग ज्ञात शुद्धतेच्या सोन्याच्या रेघेशी ताडून कस ठरवतात. 'कसाला उतरणे' हा वाक्प्रचार याच दगडाने मराठीला दिला. ज्या घरात कस ओळखणारे कोणी नाही, त्या घरासाठी पुतळी सोयीची होती. दोन आकृती ओळखल्या, वजन पाहिले की बहुतांश काम झाले. अर्थात जेथे विश्वास, तेथे नक्कलही. भारतात घडवलेल्या डुकाटाच्या नकला मोठ्या संख्येने आढळतात. सोनाराला लॅटिन लिपी येत नव्हती. त्याने अक्षरे पाहून पाहून कोरली आणि हळूहळू ती निरर्थक उभ्या-आडव्या रेघा झाली. यातील बऱ्याच नकला सोन्याच्याच आहेत. त्या फसवणुकीसाठी नव्हत्या, तर दागिन्यासाठी घडवलेल्या होत्या.

१४/
१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दबावापुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले. शेवटचा डोज लुदोव्हिको मानिन पायउतार झाला. पुतळीला जन्म देणारे राज्य नाहीसे झाले, परंतु मराठी घरात पुतळी घडतच राहिली. मार्क आणि डोज यांच्या जागी आपल्या ओळखीच्या आकृती आल्या. आज सराफी पेढीत मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते. नाव मात्र तेच राहिले.

१५/
हा हार वापरला कसा जाई? मराठी गळ्यातील दागिन्यांना जागा ठरलेल्या आहेत. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी गळ्याला बिलगून बसतात. त्याखाली बोरमाळ, एकदाणी, मोहनमाळ. सर्वांत खाली, छातीवर, पुतळी हार, चंद्रहार किंवा लक्ष्मीहार. पुतळ्यांना वर कडी झाळून त्या रेशमी दोऱ्यात किंवा साखळीत ओवतात. पाठीमागे गोंड्याने लांबी कमी-जास्त करता येते. हार घालताना तो नऊवारीच्या पदरावर मोकळा लोंबला पाहिजे. पदराच्या जरीत कडी अडकली की आधी दोरा तुटतो आणि मग पुतळी हरवते.

१६/
परंतु पुतळी हाराचे खरे महत्त्व शोभेत नाही, त्याच्या रचनेत आहे. चंद्रहार मोडायचा तर सगळा मोडावा लागतो. पुतळी हारातून एक पुतळी काढून घेता येते आणि उरलेला हार तसाच घालता येतो. मुलाच्या शिक्षणाला एक, बाळंतपणाला एक, बैल घ्यायला दोन. ज्या काळात स्त्रीच्या नावावर जमीन नसे आणि पेढीवर खाते नसे, त्या काळात गळ्यातील ही नाणी तिची स्वतःची तिजोरी होती. हार किती विरळ झाला यावरून त्या घराने किती वाईट वर्षे पाहिली हे मोजता येई.

१७/
धर्मशास्त्राने या धनाला 'स्त्रीधन' म्हटले. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार पतीने ते घेतले तर दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद या प्रसंगांतच परत करण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. याचा अर्थ उघड आहे. इतर प्रसंगी ते परत केलेच पाहिजे. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि स्त्रीधनाची व्याप्ती वाढवली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनावर पत्नीचीच पूर्ण मालकी असते. पती किंवा सासर ते केवळ विश्वासाने सांभाळणारे. घरातील हार 'घराचा' आहे असे कोणी म्हणाले, तर हा इतिहास ठाऊक असावा.

१८/
संकटात हे धन कसे वितळते याचे दाखले आहेत. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधील लोकांनी विकलेले चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर वितळवण्यासाठी आले. जे दागिने पिढ्यानपिढ्या साठले ते दोन वर्षांत लगड झाले. पुढे संकट कायद्याच्या रूपानेही आले. चीनबरोबरच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रण लागू झाले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. असंख्य सोनारांचे हातचे काम गेले. ती मर्यादा काही वर्षांत उठली, परंतु १९६८ च्या कायद्याने नियंत्रण सुरू राहिले. तो कायदा रद्द झाला १९९० साली.

१९/
आज पुतळी हार निवडायचा असेल तर? नवा हार घेताना हॉलमार्क पाहावा. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. '९१६' म्हणजे बावीस कॅरट. पुतळी भरीव आहे की पातळ पत्र्यावर ठसा उठवलेली आहे, हे विचारावे. सोन्याचे मोल आणि मजुरी पावतीवर स्वतंत्र लिहून घ्यावी. मोडताना मजुरी परत मिळत नाही. हारातून एकेक पुतळी सुटी काढता येईल अशी ओवण मागावी. नाहीतर या हाराचा मूळ गुणच हरवतो.

२०/
जुना हार सांभाळायचा असेल तर शुद्ध सोने मऊ असते, हे आधी लक्षात ठेवावे. पुतळ्या एकमेकींवर घासून ठसे झिजतात. म्हणून हार गुंडाळून डबीत कोंबू नये. मऊ सुती कापडावर पसरून, कापडाचीच घडी मध्ये घालून ठेवावा. मळ काढायला कोमट पाण्यात रिठ्याचा फेस आणि मऊ कुंचला पुरे. दागिन्यात लाखेने भरलेले पोकळ मणी असतील, जसे बोरमाळेत किंवा मोहनमाळेत असतात, तर गरम पाणी टाळावे, कारण उष्णतेने लाख मऊ होते. मोती असतील तर घाम पुसूनच ठेवावा. रेशमी दोरा काळवंडला, सैल झाला की वाट न पाहता पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावा.

२१/
आणि हार मोडण्याआधी एक काम करावे. भिंगाने प्रत्येक पुतळी पाहावी. उभी काठी, गुडघे टेकलेली आकृती, ताऱ्यांची लंबगोल प्रभावळ दिसते का? काठीलगत लॅटिन अक्षरे दिसतात की नुसत्या रेघा? दिसल्या तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक पुतळीचे वजन लिहून ठेवावे आणि जाणकार नाणकशास्त्रज्ञाला दाखवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. भोक पडलेल्या किंवा कडी झाळलेल्या नाण्याला संग्राहक कमी मोल देतात, हे खरे. परंतु ते भोक हाच तर आपला इतिहास आहे. संग्रहालयातील अखंड डुकाट व्हेनिसचे असते. भोक पडलेली पुतळी आपली असते.

२२/
विकणे हा गुन्हा नव्हे. पुतळी हार गरजेच्या दिवशी मोडण्यासाठीच घडला होता. दवाखान्याचे बिल समोर असताना कोणी इतिहासासाठी हार राखून ठेवावा, असे म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. पण निव्वळ 'जुन्या घडणीचा' म्हणून, नव्या नक्षीसाठी, घटीचा तोटा सोसून तो आटवला जातो, तेव्हा तो ज्या आजीने दुष्काळातही शेवटच्या चार पुतळ्या सोडल्या नाहीत तिचा हिशेबही भट्टीत जातो.

२३/
येत्या दसऱ्याला आपट्याचे पान हाती आले की घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीला एक प्रश्न विचारा : हा हार कोणाकडून आला आणि यातली कोणती पुतळी कशासाठी निघाली? उत्तर लिहून ठेवा. आपट्याच्या पानाचे सोने दुसऱ्या दिवशी वाळून जाते. पुतळीचे सोने वाळत नाही, मात्र तिची गोष्ट सांगणारे माणूस घरात कायम असेलच असे नाही.